सीबकथॉर्न: रुपेरी पानांचे काटक झुडूप

श्रोतेहो, नमस्कार. लेह साधारण 3500 मीटर उंचीवर आहे, तेथे वर्षाकाठी पाऊस जेमतेम 100 मिलिमीटर पडतो आणि हिवाळ्यात पारा उणे 20 अंशांच्या आसपास उतरतो. तरीही नदीकाठच्या रेताड जमिनीत रुपेरी पानांचे, काटेरी सीबकथॉर्न आपले आपण वाढते. मुळांवरच्या गाठींतील फ्रँकिया हे जिवाणू त्याला हवेतला नत्र पुरवतात, म्हणून खताची फारशी गरज नसते. ऊन मात्र भरपूर हवे.

फळे हवी असतील, तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: पपईसारखे याचेही नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते.

लेहमध्ये मी ज्या घरी उतरलो होतो, तेथे कुंपणालगत सीबकथॉर्नची रांग होती. झुडपे डोक्याएवढी झाली, दर वसंतात फुलली, पण फळ धरेना. घरमालकांनी शेणखत घातले, पाणी वाढवले. शेवटी पाने फुटण्यापूर्वी नुब्राहून त्यांच्या आजी, घरच्यांच्या आबी-ले, आल्या. त्यांनी हातमोजे काढले, फांद्यांवरच्या तपकिरी कळ्या एकेक करून बोटांनी चाचपल्या आणि म्हणाल्या, "या तर साऱ्या बहिणी आहेत." नराच्या कळ्या जाड, ठसठशीत असतात, येथे सगळ्या बारीक होत्या. शेजाऱ्यांनी दिलेली रोपे एकाच फळत्या झुडपाच्या मुळांतून फुटलेले धुमारे होते, आणि मादीचा धुमारा मादीच निघतो. आबी-लेंनी गावाहून नराच्या काड्या मागवल्या आणि वारा ज्या बाजूने येतो त्या टोकाला लावल्या, कारण याचे पराग वाराच वाहून नेतो. त्या काड्या वाढून फुलल्या, त्या वर्षी उन्हाळा सरता सरता रांगेतल्या फांद्या नारिंगी फळांनी इतक्या लगडल्या की काटे दिसेनात.

तेव्हा पुन्हा सांगतो, नर वेगळा, मादी वेगळी. सहा ते आठ माद्यांमागे एक नर पुरतो. बियांपासून केलेल्या रोपाचे लिंग ते फुलेपर्यंत कळत नाही, म्हणून काड्या लावाव्यात. त्या कळ्या फुटण्याआधी कापाव्यात आणि कापतानाच नर-मादीच्या जुड्या वेगळ्या बांधाव्यात. मुळे उथळ व दूरवर पसरणारी असल्याने भाजीच्या वाफ्याशेजारी हे झुडूप लावू नये, आणि बुंध्याभोवती खोल खणू नये.