दुसरी 'खुकरी'

पैठणच्या नाथसागराहून मोठे पाणी कधी न पाहिलेली परभणी जिल्ह्यातील ही शाळकरी मुले दीवच्या किनाऱ्यावर ज्या करड्या नौकेत चढत आहेत, ती भारतीय नौदलाची 'खुकरी', या नावाची दुसरी युद्धनौका.

पहिली 'खुकरी' येथून सुमारे 40 सागरी मैलांवर समुद्राच्या तळाशी आहे. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने ती काही मिनिटांत बुडाली आणि तिच्याबरोबर 18 अधिकारी व 176 नौसैनिकही गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जाकीट सहकाऱ्याला दिले, जमेल तितक्यांना बाहेर काढले, पण स्वतः नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. टेकडीवरच्या स्मारकात काचेआड दिसते ती त्याच नौकेची प्रतिकृती.

गेलेल्या नौकेचे नाव नव्या नौकेला देऊन ते चालू ठेवण्याची नौदलाची परंपरा आहे. त्यानुसार मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली, 91 मीटर लांबीची ही क्षेपणास्त्रवाहू कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका, 23 ऑगस्ट 1989 रोजी सेवेत दाखल झाली. त्या समारंभात तत्कालीन संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत यांच्यासोबत कॅप्टन मुल्लांच्या पत्नी सुधा मुल्ला होत्या. या नौकेच्या साऱ्या सेवेत आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच क्षण. पुढे पश्चिम आणि पूर्व अशा दोन्ही ताफ्यांत तिने काम केले. 28 कमांडिंग अधिकाऱ्यांच्या हाताखाली ती 6,44,897 सागरी मैल फिरली, म्हणजे पृथ्वीला जवळपास 30 प्रदक्षिणा झाल्या. 23 डिसेंबर 2021 रोजी विशाखापट्टणम येथे सूर्यास्ताला तिचा ध्वज उतरवण्यात आला.

पहिल्या 'विक्रांत'च्या वाट्याला 2014 मध्ये मुंबईत भंगाराचा हातोडा आला होता. 'खुकरी' मात्र जानेवारी 2022 मध्ये दीव प्रशासनाच्या हवाली झाली, ती जतन करण्यासाठी. म्हणूनच ज्यांच्या मुलखाला किनाराच नाही, अशी ही मुले आज तिच्या लोखंडाला हात लावू शकतात. पुढच्या 76 मिलिमीटर तोफेखाली उभ्या असलेल्या या मुलीने तिच्या नळीची लांबी आपल्या वितीने मोजायला घेतली आहे.

आता सगळी मुले कठड्याशी आली आहेत. गुरुजी हात लांब करून समुद्रात जिकडे दाखवत आहेत, तिकडे पहिली 'खुकरी' आहे.