पाठीमागून रंगवलेलं चित्र : नलिनी मलानी यांची व्हिडिओकला

श्रोतेहो, नमस्कार. व्हिडिओकलेबद्दल रेडिओवर बोलायचं म्हणजे पंचाईतच. जे डोळ्यांनी बघायचं ते तुमच्या कानांवर सोपवायचं. तरी हे धाडस करतोय, कारण आज जिच्याबद्दल बोलायचंय ती चित्रकर्ती मुंबईत घडली, आणि मुंबईतल्या अनेकांना तिचं काम नावापलीकडे माहीत नाही. नलिनी मलानी.

जन्म १९४६चा, कराचीतला. त्या वर्षा-दीड वर्षाच्या असताना फाळणी झाली आणि घरदार सोडून कुटुंब आधी कोलकात्याला आणि १९५४मध्ये मुंबईला आलं. म्हणजे फाळणीची स्वतःची आठवण असण्याचं ते वय नव्हतं. ती त्यांच्या वाट्याला आली घरातल्या मोठ्या माणसांच्या बोलण्यातून. पुढे त्यांच्या कामात चित्राइतकाच बोलणारा आवाज महत्त्वाचा झाला, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

शिक्षण सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. पण विद्यार्थी असतानाच वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना स्टुडिओ मिळाला. एका खोलीत चित्रकार, दुसरीकडे सतारीचा रियाज, गच्चीवर नाट्यदिग्दर्शक अल्काझींची नाटकं, असा तो बंगला होता. आता तिथे उंच इमारत उभी आहे. चित्रकाराने चित्रापुरतंच बघावं ही शिस्त तिथे कुणी लावून घेतली असेल असं वाटत नाही.

मग १९६९ साल उजाडलं. चित्रकार अकबर पदमसी यांना नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशांतून त्यांनी कॅमेरे आणि इतर साहित्य घेतलं आणि नेपियन सी रोडवर ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केलं. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले, कुणीही यावं आणि प्रयोग करावेत. मलानी तिथल्या सगळ्यांत धाकट्या. त्यांनी तिथे पुठ्ठ्याच्या घरांचं मॉडेल केलं, त्यावर रंगीत उजेड टाकला आणि एकेक चौकट टिपत आठ मिलिमीटरच्या फिल्मवर ‘ड्रीम हाउसेस’ नावाचा छोटा मूकपट केला. नव्या देशात नवी घरं होतील, सगळ्यांना होतील, असा तो रंगीत भरवसा. सात वर्षांनी, १९७६मध्ये, त्यांनी काळ्या-पांढऱ्या फिल्मवर एक बाई चित्रित केली. उंच इमारतीतून ती खालच्या शहराकडे बघते आहे, आणि खाली पसरल्या आहेत झोपड्या. या दोन्ही फिल्म त्यांनी शेजारीशेजारी लावल्या आणि जोडकामाला नाव दिलं ‘युटोपिया’. तेव्हा आणीबाणी चालू होती, हे वेगळं सांगायला नको.

मधली दोन वर्षं त्या फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला होत्या. परत आल्या तर इथे असल्या फिल्म दाखवायला ना जागा, ना कुणाला त्याचं सोयरसुतक. त्या पुन्हा रंगांकडे वळल्या. स्टुडिओ होता लोहार चाळीत. क्रॉफर्ड मार्केटच्या मागे, इलेक्ट्रिकच्या सामानाचं घाऊक मार्केट, हातगाड्या, हमालांच्या आरोळ्या. तिथल्या माणसांची रेखाटनं त्यांनी केली, त्यांच्या झेरॉक्स काढल्या, झेरॉक्सवर पुन्हा हात फिरवला आणि त्यातून पुस्तकं केली. एकाच चित्रावर दुसरं, त्यावर तिसरं, ही सवय पुढे व्हिडिओत गेली.

१९९२मध्ये त्यांनी केमोल्ड गॅलरीत थेट भिंतींवर चित्रं काढली. प्रदर्शन संपलं आणि भिंतींना पांढरा रंग फासला. विकायला काहीच उरलं नाही. चित्रकलेच्या बाजाराला याहून सरळ नकार देता येईल असं मला वाटत नाही. पुढेही भिंतीवर काढायचं आणि मग समारंभपूर्वक पुसायचं, हे त्यांनी अनेक ठिकाणी केलं.

पण आज मला खरं तर सांगायचंय ते १९९८च्या एका कामाबद्दल. त्या मे महिन्यात आधी पोखरणला आणि मग पाकिस्तानात चगाईला अणुचाचण्या झाल्या. दोन्हीकडे पेढे वाटले गेले. मलानींनी उर्दू कथाकार मंटोची ‘टोबा टेक सिंग’ ही कथा हाताशी घेतली. फाळणीनंतर वेड्यांचीही वाटणी होते आणि बिशनसिंग दोन सीमांच्या मधल्या जमिनीवर कोसळतो, ती. कामाचं नाव ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’.

आता डोळ्यांसमोर आणा. अंधारी खोली. जमिनीवर पत्र्याच्या बारा ट्रंका, झाकणं उघडी. आत गोधड्या, आणि गोधड्यांत एकेक टीव्हीचा पडदा, त्यात घर सोडून निघालेली माणसं. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन बायका. दोघी मिळून एका साडीची घडी घालू बघतात. साडीची घडी एकटीने नीट होत नाही, हे घरातल्या कुणालाही विचारा. दोघींनी टोकं धरायची, ताणायची, एकमेकींकडे चालत जायचं. इथे एक या भिंतीवर, एक त्या भिंतीवर, आणि मधल्या रिकाम्या जागेत तुम्ही उभे. घडी काही होत नाही. मग भिंतींवर अणुस्फोटाची दृश्यं येतात.

हे काम १९९९मध्ये दाखवलं गेलं ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. ही निवड मला फार महत्त्वाची वाटते. गॅलरीच्या काचेच्या दाराशी बिचकणारी माणसं म्युझियममध्ये बिनधास्त येतात. शाळेच्या सहली येतात, सुट्टीत मुंबई बघायला आलेली कुटुंबं येतात. पत्र्याची ट्रंक त्यांना कुणी समजावून सांगावी लागत नाही. मलानी व्हिडिओकडे परतल्या त्या यंत्राच्या हौसेने, असं म्हणणाऱ्यांनी हे काम कुठे लावलं ते आधी बघावं.

त्यांची दुसरी मोठी खूण म्हणजे फिरते दंडगोल. ही युक्ती ऐकण्यासारखी आहे. काचेवर पाठीमागून चित्र काढायची जुनी पद्धत आपल्याकडे आहे. ती त्यांनी बडोद्याचे चित्रकार भूपेन खख्खर यांच्याकडून घेतली. यात सगळा क्रम उलटा. नेहमी आपण शेवटी बुबुळ काढतो, इथे बुबुळ आधी, मग डोळा, मग चेहरा, आणि मागची जमीन सगळ्यात शेवटी. चूक झाली तर वरून रंग देऊन झाकता येत नाही. मलानींनी काच सोडून पारदर्शक प्लास्टिक घेतलं, त्याचे मोठे दंडगोल केले, ते छताला टांगून फिरते ठेवले आणि त्यांच्या आरपार व्हिडिओ सोडला. गणपतीत मखराशेजारी फिरता दिवा ठेवतात ना, ज्यातल्या आकृत्यांच्या सावल्या भिंतीवर सरकत राहतात, साधारण तसं. फक्त इथे सावलीवर सावली पडते, त्यावर हलतं चित्र पडतं, आणि मध्ये गेलात तर तुमचीही सावली त्या घोळक्यात सामील होते. जर्मनीतल्या कासेल शहरात २०१२च्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात त्यांनी असं मोठं काम मांडलं. नाव उर्दू कवी फैजच्या कवितेवरून घेतलेलं, ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’. त्यात ग्रीक कथेतली कॅसांड्रा आहे, बंगाली लेखिका महाश्वेतादेवींच्या कथेतली द्रौपदी आहे. जिचं कुणी ऐकत नाही अशा बाईचा आवाज मलानींच्या कामात सारखा येतो.

२०१७पासून त्या आयपॅडवर बोटाने चित्रं काढू लागल्या, वयाच्या सत्तरीनंतर. सेकंदभराच्या, मिनिटभराच्या चित्रफिती. त्यांतल्या काही त्यांनी इन्स्टाग्रामवरही टाकल्या. २०१८च्या कठुआच्या घटनेने, त्या आठ वर्षांच्या मुलीच्या हत्येने, त्या हादरल्या आणि ‘कॅन यू हिअर मी?’ हे काम उभं राहिलं. लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत ते २०२०मध्ये लागलं तेव्हा विटांच्या उघड्या भिंतींवर नऊ प्रोजेक्टरमधून ८८ चित्रफिती एकमेकींवर आदळत होत्या. २०२३मध्ये त्यांना जपानचा क्योतो पुरस्कार मिळाला.

माझी एक तक्रारही सांगतो. या अलीकडच्या कामांत इतकं काही एकाच वेळी चालू असतं, अक्षरं, आवाज, धावत्या रेषा, की कुठे बघावं ते कळेनासं होतं. डावीकडचं बघेपर्यंत उजवीकडचं निघून गेलेलं. त्यांची भूमिका अशी की बघणाऱ्याशिवाय काम पुरं होत नाही, त्याने आपलं आपण जुळवावं. ते मला पटतं, पण फक्त तर्काने. ट्रंका आणि साडीसमोर मला काहीच जुळवावं लागत नाही. त्यामुळे त्यांचं सर्वांत चांगलं काम कोणतं असं मला विचाराल, तर पुरस्कारानंतरही मी १९९८चंच नाव घेईन. नमस्कार.