महालक्ष्म्यांच्या आधीची गोळी

(दृश्य : रामबागेतलं घर. भिंतीवरची दिनदर्शिका, एका तारखेभोवती निळं वर्तुळ.)

इंदूर. माळ्यावरून महालक्ष्म्यांचे मुखवटे खाली आलेत. या रकान्यात दोन हिशेब एकमेकांवर आदळलेत. एक नक्षत्रांचा : अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मूळावर विसर्जन. दुसरा निळ्या बॉलपेनचा, सुनेच्या पाळीचा. तारीख नेमकी ज्येष्ठेच्या दिवशीच येते आहे. पाळीत पूजेला हात का लावायचा नाही, याची चर्चा या घरात होत नाही. पाळी पुढे ढकलणारी गोळी सोपी पडते.

(दृश्य : औषधाचं दुकान. काउंटरवर सरकवलेली दहा गोळ्यांची स्ट्रिप.)

"भैया, वो डेट आगे करने वाली देना." एवढं पुरतं. नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचं औषध आहे हे. चिठ्ठी मात्र सहसा कोणी मागत नाही.

(दृश्य : सोनोग्राफीचा पडदा. करड्या रंगात एक काळा गोल.)

ही पुटिका, अंडाशयातली बारीक पिशवी. आत पाणी, म्हणून काळी दिसते. हिच्यात स्त्रीबीज आहे. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यातून एफएसएच हे संप्रेरक (हार्मोन) सुटतं आणि त्याच्या जोरावर ही पुटिका रोज सुमारे २ मिलिमीटरने वाढते. वाढताना ती इस्ट्रोजेन हे संप्रेरक बनवते, आणि तिकडे गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं. एरवी हेच इस्ट्रोजेन पीयूषिकेला आवरून धरतं. पण त्याची पातळी चढून सुमारे दोन दिवस टिकली, की उलटंच होतं. पीयूषिका एकदम एलएच या दुसऱ्या संप्रेरकाची लाट सोडते. त्यानंतर साधारण ३६ तासांत पुटिका फुटते आणि स्त्रीबीज सुटतं.

(दृश्य : तोच पडदा, दोन दिवसांनंतर.)

काळा गोल आता चुरगळलाय. उरलेल्या पेशींचं पीतपिंड झालंय, नावाप्रमाणे पिवळसर. यातून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक येतं आणि वाढलेलं अस्तर धरून ठेवतं. गर्भ राहिला नाही तर पीतपिंडाचं आयुष्य सुमारे १४ दिवसांचं. ते सुकलं की प्रोजेस्टेरॉन ओसरतं, अस्तराच्या रक्तवाहिन्या आखडतात, अस्तर गळतं. हीच पाळी.

(दृश्य : तळहातावर गोळी.)

गोळी शिरते ती याच फटीत. प्रोजेस्टेरॉन ओसरायच्या आत तिने त्याची जागा घ्यायची. नेहमीची पद्धत अशी : तारखेच्या ३ दिवस आधी सुरू, ५ मिलिग्रॅमची एक, दिवसातून ३ वेळा. बंद केल्यावर २-३ दिवसांत पाळी येते. आदल्या दिवशी सुरू केली तर ओहोटी आधीच लागलेली असते, मग डाग दिसतात. पुरण वाटण्याच्या गडबडीत दुपारची गोळी राहिली तरी तेच, कारण ती काही तासांतच रक्तातून उतरते.

आणि 'तीन दिवस आधी' म्हणजे कुणाच्या तारखेच्या? पीतपिंडाचे १४ दिवस फारसे हलत नाहीत. लांबतो किंवा आखडतो तो चक्राचा पहिला भाग. २८ दिवसांचं चक्र असेल तर स्त्रीबीज १४व्या दिवसाच्या आसपास सुटतं, ३५ दिवसांचं असेल तर २१व्याच्या. जावेचा २८चा हिशेब आपल्या ३५ला लावला की सात दिवस फुकटच्या गोळ्या पोटात जातात.

(दृश्य : गर्भतपासणीची पट्टी, अगदी जवळून. ओल सरकते आहे.)

पाळी थांबवण्याची युक्ती शरीराकडेही आहे. बीज सुटल्यावर ६ ते १० दिवसांत गर्भ अस्तरात रुजतो. त्याच्या बाहेरच्या पेशी एचसीजी हे संप्रेरक सोडतात, आणि पीतपिंड सुकायचं थांबतं. सुरुवातीला एचसीजी दर दोन दिवसांनी जवळपास दुप्पट होतं. पुढे ७ ते ९ आठवड्यांच्या सुमारास वार (गर्भाला पोसणारा अवयव) प्रोजेस्टेरॉनचं काम स्वतःकडे घेते.

पट्टी हेच एचसीजी शोधते. 'सी'पाशी रेघ आली : पट्टी चालू आहे. आता 'टी'पाशी बघा. फिकट जांभळी, पण रेघ आहे. पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच वाचायची. वाळल्यावर उमटलेली रेघ धरायची नाही.

अडचण वेळेची आहे. गोळी सुरू होते तारखेच्या ३ दिवस आधी, आणि तेव्हा गर्भ असला तरी पट्टीत दिसेलच असं नाही. शिवाय ही गोळी अशी घेतल्याने गर्भ राहायचा थांबत नाही. पाळी गोळीने अडली की गर्भाने, हे स्ट्रिपकडे बघून कळत नाही. म्हणून महिन्यात संबंध आले असतील तर ते डॉक्टरांना आधीच सांगायचं. गोळ्या संपून आठवडा झाला आणि पाळी नाही, तर सकाळच्या पहिल्या लघवीवर पट्टी करायची.

शिरेत रक्ताची गाठ होऊन गेलेली, यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग, कारण न कळलेला रक्तस्राव, डोळ्यांपुढे चमकारे येणारी अर्धशिशी : यांच्यासाठी ही गोळी नाही. तिचा थोडा अंश शरीरात इस्ट्रोजेन होतो आणि रक्त गोठण्याचा धोका वाढतो.

(दृश्य : मूळ नक्षत्र. अक्षता पडतात, मुखवटे हलवले जातात.)

काल रात्री शेवटची गोळी झाली.

(दृश्य : दिनदर्शिका. बॉलपेन, नवं वर्तुळ.)

गोळी थांबून तिसरा दिवस. पाळी आली. पुढचं मोजणं इथून, १ धरून.