लाल डेअरडेव्हिल, जांभळा वेताळ

[दृश्य: उकळून खाली उतरवलेलं पाणी. पातेल्यात डेअरडेव्हिलचा सहा इंची बाहुला, गळ्यापर्यंत बुडालेला.]

निवेदन:
दोन-तीन मिनिटं पुरतात. गरम पाण्यात प्लास्टिक नरम पडतं, मग मान हलक्या हाताने ओढली की डोकं आतल्या खुंटीवरून सुटून येतं. हीच ओढाताण थंड असताना केली तर खुंटीच मोडते. मनगटं आणि पाय याच पद्धतीने निघतात. मार्व्हल कॉमिक्सचा शिंगवाला, लाल पोशाखातला नायक डेअरडेव्हिल आता सुटा होऊन टेबलावर पडलाय. त्याचा वेताळ करायचाय.

वेताळ म्हणजे आपला फँटम. ली फॉक यांनी १९३६ साली अमेरिकी वर्तमानपत्रांतल्या चित्रकथेत आणलेला, आणि पुढे मुंबईहून निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्समधून मराठी घरांत शिरलेला. त्याच्यासाठी देह डेअरडेव्हिलचाच का? तर अंगाबरोबर बसणारा पोशाख, पाठीवर झूल नाही, डोक्यावर घट्ट टोपी आणि डोळ्यांत बुबुळं नाहीत. निम्मं काम इथेच झालं.

[दृश्य: कटरच्या पात्याखाली शिंग.]

उरलेलं निम्मं चिवट आहे. शिंगं कापायची. छातीवरची दोन 'डी' अक्षरं उठावाची असतील तर तीही तासायची. आधी ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ८०० नंबरचा, पाणी लावून. डेअरडेव्हिलचा मुखवटा नाकावर उतरतो, वेताळाचा डोळ्यांपुरताच असतो. म्हणजे नाक आणि गाल मोकळे करायचे, मुखवट्याची जुनी कड बोटाला लागणार नाही इतकी घासायची. घाईत केलेलं काम इथेच उघडं पडतं. रंग कितीही चांगला द्या, खालून डेअरडेव्हिल डोकावतोच.

एका खेळण्याचं दुसरं पात्र करायची हौस जुनी आहे. १९६६ साली अमेरिकेत आयडियल कंपनीने 'कॅप्टन अ‍ॅक्शन' नावाचा बारा इंची बाहुला आणला. पोशाख आणि मुखवटा बदलला की तोच सुपरमॅन, तोच बॅटमॅन. पहिल्या पोशाखांमध्ये वेताळाचाही होता. आज टेबलावर चाललंय ते त्याहून उलट, कारण इथे परतीची वाट नाही. कापलेलं शिंग पुन्हा उगवत नाही.

[दृश्य: एम-सीलच्या दोन रंगांच्या कांड्या मळणारी बोटं.]

पट्टा नव्याने घडवायचा. हार्डवेअरच्या दुकानातलं एम-सील चालतं, पण ते लवकर आवळतं, म्हणून वाटाण्याएवढंच मळायचं. बोट ओलं ठेवायचं, नाहीतर ते बोटालाच चिकटतं. आधी कमरेची पट्टी, मग दोन्ही मांड्यांवर पिस्तुलांची म्यानं, शेवटी मधली कवटी. कवटीचे डोळे टाचणीने टोचायचे. पट्ट्यावर इतकी मेहनत वाया जात नाही. मार्च १९६४ मध्ये आलेल्या इंद्रजालच्या पहिल्या अंकाची गोष्टही वेताळाच्या पट्ट्याचीच होती.

आता रंग. आणि इथे खरा वाद आहे.

[दृश्य: पॅलेटवर जांभळ्याच्या चार छटा.]

फॉक यांच्या मनात वेताळ करड्या रंगाचा होता. दैनिकातली चित्रपट्टी काळीपांढरी, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. १९३९ साली रविवारची रंगीत चित्रकथा सुरू झाली आणि तो जांभळा छापला गेला. जंगलात दडून राहणारा माणूस, आणि जांभळा! तरी तो रंग टिकला, निदान अमेरिकेत. इटलीत मात्र वेताळ लाल. ब्राझीलमध्ये लाल, तुर्कस्तानात लाल. स्वीडनमध्ये निळा. टेबलावरच्या या लाल देहाला ब्रशही लावला नाही, तरी रोममधला जुना वाचक त्याला ओळखेल. डेअरडेव्हिल तरी कुठे मुळापासून लाल होता? १९६४ साली तो पिवळ्या पोशाखात आला. चित्रकार वॉली वुड यांनी त्याला लाल केला तो पुढच्या वर्षी.

म्हणून आमचं मत असं, की वेताळ ओळखायचा तो कवटीवरून, पट्टेरी चड्डीवरून आणि कोऱ्या डोळ्यांवरून. अंगाचा रंग ज्याच्या त्याच्या लहानपणावर सोडावा. या टेबलावर जांभळा जिंकला, कारण इथे लहानपण इंद्रजालचं आहे.

लालावर थेट जांभळा दिला तर तो तांबूस दिसतो. आधी करड्या प्रायमरचा पातळ हात. त्यावर अ‍ॅक्रिलिक, पाणी घालून, थरावर थर. स्प्रे किंवा इनॅमल इथे नको. मऊ पीव्हीसीमधलं तेलकट द्रव्य त्या रंगाला सुकू देत नाही, आठवडे उलटले तरी बोट चिकटतं. जुना रंग काढायला अ‍ॅसिटोन वापरतात, पण कडक प्लास्टिकचा भाग त्यात विरघळतो. कापसाच्या बोळ्याने, जपून. सावलीला काळा न घेता जांभळ्यातच निळा मिसळायचा. छापील पानावर काळी शाई शोभते, खेळण्यावर ती मळासारखी दिसते.

[दृश्य: भिंगाखाली चड्डीवरचे पट्टे.]

सगळ्यांत छळतात ते चड्डीवरचे पट्टे. निळ्यावर काळे, गोलाईवरून फिरणारे. चिकटपट्टी इथे नीट बसत नाही, हातानेच ओढावे लागतात. शिवाय मांडीचा सांधा नेमका मधून जातो. पाय वळवला की पट्टा तुटतो, त्यावर उपाय नाही. उभं कसं करायचं ते आधी ठरवायचं आणि त्याच स्थितीत पट्टे जुळवायचे.

अंगठ्या दोन. उजव्या हातात कवटीची, डाव्या हातात शुभचिन्हाची. सहा फुटी माणूस सहा इंचांत, म्हणजे बारावा हिस्सा. दीड-पावणेदोन सेंटिमीटरची अंगठी जेमतेम दीड मिलिमीटर उरते. त्यात कवटी काढता येत नाही. चांदीचा एक ठिपका आणि त्यात काळे दोन, बाकीचं पाहणारा स्वतःच भरून घेतो.

डोळे मात्र सुखाचे. बुबुळं नसलेल्या ग्रीक पुतळ्यांवरून फॉक यांना ही कल्पना सुचली होती. इतर पात्रांत दोन बुबुळं एका रेषेत आणताना रात्र जाते, इथे पांढरा भरला की झालं.

शेवटी वॉर्निश. अंगाला मॅट, बुटांना चकचकीत. डोकं पुन्हा गरम करून खुंटीवर दाबायचं. उरलेला जांभळा झाकणबंद डबीत ठेवायचा. गुडघा वाकवला की तिथला रंग आधी उडणार, आणि तीच छटा पुन्हा मिसळून मिळत नाही.