डभोईचे बैल आणि विलायतेचा कोळसा

श्रोतेहो, नमस्कार.

1862 साली बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी आपल्या डभोईपासून मियागामकडे अडीच फुटी रूळ टाकून घेतले. हिंदुस्थानातली ही पहिली नॅरोगेज. आणि त्या रुळांवरचे डबे ओढायला काय जुंपलं होतं? बैल! इंजिन आणून पाहिलं, पण रूळ हलके पडले, भार पेलेना. 1873 मध्ये जड रूळ घातले, तरी इंजिनं नेमानं धावायला 1880 उजाडलं.

हे ऐकून लोक हसतात. आगगाडीला बैल म्हणजे आपला मागासपणा, असं त्यांना वाटतं. मला वाटतं, त्यात चोख हिशेब होता. बैलाची वैरण डभोईच्या शेतात. इंजिनाचा कोळसा मात्र एक तर बंगालातल्या राणीगंजचा, नाहीतर बोटीनं विलायतेहून आलेला. बैलानं काम निभत असताना तो कोळसा कोण कशाला जाळेल?

जगात कारखाने काही मुलखांत आधी का आले आणि काही मुलखांत उशिरा का, याचं उत्तर मी या हिशेबात शोधतो. गोरे लोक मेहनती आणि आपण आळशी, ही पानाच्या गल्ल्यावरची चर्चा आज बाजूला ठेवू.

1712 मध्ये इंग्लंडात डडली गावाजवळच्या कोळशाच्या खाणीवर थॉमस न्यूकमेनचं वाफेचं इंजिन बसलं. काम एकच, खाणीतलं पाणी उपसणं. आणि ते इतकं खादाड की शंभर मण कोळसा घातला तर एक मणाचंसुद्धा काम पदरात पडत नसे. असं यंत्र दुसऱ्या कुठल्याही मुलखात चार दिवसांत भंगारात गेलं असतं. तिथे चाललं, कारण ते खाणीच्या तोंडाशीच होतं आणि विकला न जाणारा चुरा त्याच्या पोटात जात होता. चालू राहिलं म्हणून सुधारत गेलं. जेम्स वॅटनं 1769 मध्ये पेटंट घेतलं, पण त्याच्या इंजिनाला लागणारा अचूक गोल सिलिंडर काही जमेना. तो जमवला जॉन विल्किन्सन नावाच्या लोखंडवाल्यानं. तोफांची नळी कोरायचं यंत्र त्याच्याकडे होतं, त्याच धर्तीवर त्यानं सिलिंडर कोरले. 50 इंच व्यासाच्या सिलिंडरात जुन्या शिलिंगच्या जाडीइतकाही फरक नाही, असं वॅटच्या भागीदारानं कौतुकानं लिहून ठेवलंय. अशा कारागिराचा हात नसता, तर वॅटची कल्पना कागदावरच राहिली असती.

दुसरी बाब मजुरीची. इंग्लंडात मजूर महाग होता, त्यामुळे माणसं वाचवणारं यंत्र मालकाला परवडायचं. 1760 च्या दशकात हारग्रीव्ह्जचं जेनी हे सूत कातायचं यंत्र आलं, एका माणसानं अनेक चात्या फिरवायच्या. आपल्याकडे भरूच-सुरतेच्या बाया घरोघरी सूत कातत होत्या आणि ते कापड जगभर जात होतं. त्यांची मजुरी इतकी कमी, की त्या काळात जेनी फुकट पाठवली असती तरच कोणी घेतली असती! किती पट कमी यावर अभ्यासक अजून भांडतात, पण कमी होती यावर फारसा वाद नाही.

आता इंग्रजांना सगळं बाजारानं दिलं असं मात्र समजू नका. आपल्या छिटांनी तिथलं मार्केट काबीज केलं तेव्हा त्यांनी 1700 मध्ये आणि पुन्हा 1721 मध्ये कायदे करून ती बंद केली. पुढे कापडाची यंत्रं देशाबाहेर न्यायलाही बंदी घातली, ती 1843 पर्यंत उठली नाही. तरी बेल्जियमला कारागीर पळून गेले, अमेरिकेला गेले. मुंबईत दावर यांची गिरणी निघाली 1854 मध्ये. आणि ब्रिटिश हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या कापडावर 1896 मध्ये सरकारनं साडेतीन टक्के जकात बसवली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना स्पर्धा नको म्हणून. स्वतःच्या देशात स्वतःच्या मालावर कर!

जपानचं उदाहरण मला फार आवडतं. 1872 मध्ये तिथल्या सरकारनं तोमिओका इथे फ्रेंच यंत्रांची रेशीमगिरणी काढली. झकास, पण महागडी. मग सुवा भागातल्या लोकांनी तीच यंत्रं जमेल तिथे लाकडाची करून घेतली आणि पाणचक्कीवर चालवली. विचार डभोईचाच. फरक इतकाच, की त्यांचं सरकार त्यांचं होतं.

आपल्याकडे बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या हाती हिंदुस्थानची जकात नव्हती. शिक्षण मात्र होतं. 1890 मध्ये कलाभवन निघालं. त्रिभुवनदास गज्जर हे सुरतेच्या सुतार घराण्यातले रसायनशास्त्रज्ञ त्याचे कर्तेधर्ते. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, आणि तेही मातृभाषेत. (चापेकरांनी मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं, तेव्हा तो साफ करणारे हेच गज्जर. कामाचा माणूस, दुसरं काय!) 1907 मध्ये ॲलेम्बिक ही रसायनांची कंपनी उभी करणाऱ्यांतही ते होते, आणि त्यांच्याबरोबर आपले कोटीभास्करही.

तरीही बडोदं तेव्हा मँचेस्टर झालं नाही. इंधन दूरच होतं. 1960 मध्ये अंकलेश्वरला तेल लागलं आणि 1965 मध्ये रशियनांच्या मदतीनं बडोद्याजवळच्या कोयलीची रिफायनरी सुरू झाली. मागोमाग खताचा कारखाना, पेट्रोकेमिकल्स. शहराचा चेहरा दहा-पंधरा वर्षांत पालटला. तेल देशात इतरत्रही लागलं होतं, आसामात तर एकोणिसाव्या शतकातच. पण कोयलीला फिटर, ड्राफ्ट्समन, केमिस्ट लागले तेव्हा ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. कलाभवन एव्हाना विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज झालेलं होतं, आणि राजमहाल रोडवरून सायकली मारत जाणारी पोरं तिथूनच पास होऊन बाहेर पडत होती.

नमस्कार.