थॉथ टॅरो: ७८ अर्थ पाठ करायला बसण्याआधी

नमस्कार. थॉथ हा ७८ कार्डांचा टॅरो डेक, म्हणजे प्रश्न विचारून मांडायच्या चित्रकार्डांचा संच. तो हातात आला की बहुतेक जण अर्थांची यादी समोर ठेवून पाठांतराला लागतात. आठवडाभरात सगळी खिचडी होते आणि डेक कपाटात जातो. हा डेक पाठांतराचा नाहीच. अ‍ॅलिस्टर क्रोली यांनी तो आखला आणि लेडी फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ या काळात रंगवला. यातलं प्रत्येक कार्ड एका पक्क्या आराखड्यात बसवलेलं आहे. तो आराखडा कळला की अर्थ तुमचा तुम्हाला काढता येतो.

आधी डेक मोजा. काही आवृत्त्यांमध्ये मेगस या कार्डाची तीन वेगवेगळी चित्रं असतात, म्हणजे कार्डं ८० भरतात. तिन्हींपैकी जे भावेल ते एक ठेवा आणि बाकी दोन काढून टाका, नाहीतर मेगस उगाच तिप्पट वेळा येत राहील. मग तीन गठ्ठे करा: २२ ट्रम्प (मेगससारखी स्वतंत्र नावाची मुख्य कार्डं), १६ कोर्ट कार्डं (नाइट, क्वीन, प्रिन्स, प्रिन्सेस) आणि एक्क्यापासून दहापर्यंतची ४० छोटी कार्डं. पहिले काही आठवडे फक्त या ४० कार्डांवरच काम करा. चित्रं बघून सगळ्यांना ट्रम्पचा मोह होतो, पण डेकची बाराखडी छोट्या कार्डांत आहे.

कार्डांचे चार गट आहेत: वाँड्स म्हणजे अग्नी, कप्स म्हणजे जल, स्वोर्ड्स म्हणजे वायू आणि डिस्क्स म्हणजे पृथ्वी. हे एक अंग झालं. दुसरं अंग आकड्याचं, आणि ते कबाला या ज्यू गूढ परंपरेतल्या जीवनवृक्षावरून, म्हणजे दहा स्थानांच्या आकृतीवरून येतं. चारही पंजे शेजारी मांडून कार्डांच्या तळाशी छापलेली नावं वाचा: भांडण, निराशा, पराभव, काळजी. आता चारही छक्के: विजय, आनंद, विज्ञान, यश. चारावर आलेली स्थिरता पाचावर मोडते आणि सहावर तोल सापडतो. सातावर तो पुन्हा ढळतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की विसरायला होत नाही.

तिसरं अंग ग्रह आणि रास. दोनपासून दहापर्यंतच्या ३६ कार्डांना राशिचक्राचे दहा-दहा अंश वाटून दिलेत. चर राशींना (मेष, कर्क, तूळ, मकर) दोन-तीन-चार, स्थिर राशींना (वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ) पाच-सहा-सात, द्विस्वभाव राशींना (मिथुन, कन्या, धनू, मीन) आठ-नऊ-दहा. एक्के या वाटपात येत नाहीत. ते आपापल्या तत्त्वाचं मूळ आहेत. राशी इथे सायन पद्धतीच्या आहेत. म्हणजे मेष साधारण २१ मार्चला सुरू होते आणि वाँड्सची दुर्री तिथून पुढचे दहा दिवस सांभाळते. ही ३६ कार्डं जमिनीवर गोल मांडून बघाच. मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र, शनी, गुरू असा क्रम फिरत राहतो. मीनेच्या शेवटी मंगळ आणि लगेच मेषेच्या सुरुवातीला पुन्हा मंगळ, एवढा एकच जोड दोनदा लागोपाठ येतो.

आता दोन कार्डं अगदी जवळून बघू: कप्सचा छक्का आणि कप्सची सत्ती. दोन्ही जलाची, दोन्ही वृश्चिकेतली. छक्क्यावर रवी आहे. सहा हे जीवनवृक्षावरचं तिफारेथ, म्हणजे मधलं आणि रवीचंच स्थान. ग्रह आणि आकडा एकमेकांना धरून आहेत. चित्रात कमळांचे देठ नाचल्यासारखे वळलेत आणि पाणी कपांत पडतंय, पण उतू जात नाही. नाव आहे प्लेझर, म्हणजे आनंद. शेजारच्या सत्तीवर शुक्र. सात म्हणजे नेत्झाख, शुक्राचंच स्थान, पण खाली आणि एका बाजूला कललेलं. शिवाय वृश्चिक ही शुक्राच्या वृषभ राशीच्या बरोबर समोरची, तिथे तो बिघडतो. बघा, कमळांतून हिरवट चिकट द्रव ठिबकतोय. नाव डिबॉच, म्हणजे भोगाचा अतिरेक. सुख तेच, पण ते आता अती झालंय. कोणी कामाबद्दल विचारलं आणि ही सत्ती आली, तर ‘व्यसन’ असं छापील उत्तर देऊ नका. जे आधी मनापासून आवडत होतं ते आता कुठे सवयीने, हव्यासाने ओढलं जातंय, असं विचारा. नावाला अर्थ समजणं ही इथली सगळ्यात मोठी चूक. नाव शेवटी वाचा.

उलटी कार्डं हा डेक वापरत नाही. पिसण्याआधी सगळी सुलटी करून घ्या. कार्डाचं बळ कमी की जास्त हे शेजारची कार्डं ठरवतात. तीन कार्डं मांडा, मधलं मुख्य. अग्नी आणि जल एकमेकांचे वैरी, तसेच वायू आणि पृथ्वी. एकाच तत्त्वाची कार्डं एकमेकांना खूप बळ देतात, बाकी जोड्या मित्र. समजा मध्ये डिस्क्सचा छक्का, यश. दोन्ही बाजूंना स्वोर्ड्स असतील तर यश लंगडं. दोन्ही बाजूंना कप्स असतील तर भक्कम. एकीकडे वाँड्स आणि दुसरीकडे कप्स आले, तर ते आपसांतच भांडून एकमेकांना निकामी करतात आणि मधल्यावर फारसा परिणाम होत नाही. नवशिके इथे तिन्ही अर्थ सुटे सुटे सांगून त्यांची बेरीज करतात, म्हणून वाचन विस्कळीत होतं.

४० कार्डं सरावली की कोर्ट कार्डं घ्या. दुसऱ्या डेकवरून आलेले इथे हमखास गोंधळतात, कारण राजा सापडत नाही. राजाच्या जागी घोड्यावरचा नाइट आहे, अग्नी. क्वीन जल, रथातला प्रिन्स वायू, प्रिन्सेस पृथ्वी. त्यामुळे कप्सचा नाइट म्हणजे जलातला अग्नी: भावना पटकन उसळते, तितकीच पटकन विझते.

ट्रम्प सगळ्यात शेवटी. १२ राशींचे, ७ ग्रहांचे, ३ तत्त्वांचे: द फूल (म्हणजे मूर्ख) वायू, हँग्ड मॅन जल, एऑन अग्नी. पृथ्वीसाठी वेगळा ट्रम्प नाही. ते काम शनीचा युनिव्हर्स सांभाळतो. शेजार बघताना राशीच्या ट्रम्पला त्या राशीचं तत्त्व लावा.