उकळणारा दगड

सिन्नर तालुक्यातलं हे विहिरीचं काम. सुरुंग उडाला, धुरळा बसला आणि यारीनं दगड वर यायला लागले. हा फुटलेला दगड बघा. बाहेरून आपला नेहमीचा काळा पाषाण, आत पोकळी. पोकळीत हे गुलाबीसर स्फटिक, मधोमध आवळलेल्या पेंढीसारखे. हे स्टिलबाइट. कूळ झिओलाइटचं.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. निवताना त्यांत वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून गरम पाणी झिरपत राहिलं आणि पोकळ्यांच्या भिंतींवर हे स्फटिक वाढले.

या कुळाचं नाव मात्र पडलं स्वीडनमध्ये, 1756 साली. आक्सेल फ्रेडरिक क्रोनस्टेट, निकेल धातू शोधणारे खनिजशास्त्रज्ञ. त्यांच्यापुढे दोन नमुने होते: एक लॅपलंडमधल्या तांब्याच्या खाणीतला, दुसरा आइसलँडचा. दगड ओळखायची तेव्हाची रीत साधी होती. ज्योतीत बारीक नळीनं फुंकर मारायची आणि तो झोत दगडावर धरायचा.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही तेच करून पाहिलं. चिमट्यात स्टिलबाइटचा कण आहे. झोत लागला... फुगला. आता फेसाळतोय. कडेनं बुडबुडे. आणि शेवटी उरला काचेसारखा पांढरा थेंब.

क्रोनस्टेट यांनी हाच फेस पाहिला आणि दोन ग्रीक शब्द जोडले. झेइन म्हणजे उकळणं, लिथॉस म्हणजे दगड. झिओलाइट! सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या जाळीत पाणी दडलेलं असतं, आचेनं त्याची वाफ होते, हे सगळं नंतर कळलं. नाव आधी आलं, ते निव्वळ निरखून पाहण्यातून. आपल्या मुलांनी दगडाकडे असं पाहावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

या सुया स्कोलेसाइटच्या, तोही झिओलाइटच. ग्रीकमध्ये स्कोलेक्स म्हणजे अळी. यातल्या काही सुया आचेवर अळीसारख्या वळवळतात. आणि हा हिरवा अपोफिलाइट, पांडवलेण्यांकडच्या खाणीतला. जगभरच्या संग्राहकांना ही खाण माहीत आहे, नाशिककरांना फारशी नाही. अपोफिलाइट झिओलाइट नव्हे, त्यांचा शेजारी. तापला की पापुद्रे सुटतात, म्हणून हे नाव.

कारखान्यात बनवलेले झिओलाइट आज कपड्यांच्या पावडरीत असतात, तेल शुद्धीकरणात असतात, आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमध्ये हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. आपल्याकडचा अस्सल दगड बहुतेक खडी क्रशरमध्ये जातो.

वाचलेले काही नमुने सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत, गारगोटी संग्रहालयात आहेत. शाळेची सहल तिकडे न्या, आणि झिओलाइटच्या कपाटांपाशी मुलांना घाई करू नका.